बेन्फिका, गुटमनचा शाप आणि पावभाजीची पैज

प्रश्न असा आलाय: "लिस्बनचा बेन्फिका क्लब सलग 8 चॅम्पियन्स लीग फायनल हरलाय, ते त्यांच्या जुन्या कोचने शाप दिला म्हणून, असं माझा रूममेट म्हणतो. मी म्हणतो निव्वळ योगायोग. पावभाजीची पैज लागलीय. जाणकारांनी सांगा कोण बरोबर. आणि शाप नसेल तर एवढा मोठा क्लब 1962 नंतर एकदाही का जिंकला नाही?"

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की तो सेकंड इयरला आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नको. मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर 23 वर्षं काढली, त्यातली बहुतेक रात्रपाळीत, आणि आमच्याकडे क्रिकेट सोडून बाकी जे काही असेल ते माझ्या गळ्यात पडायचं. त्यामुळे युरोपातल्या फायनल मी प्रेक्षक म्हणून कमी आणि "पान सोडायला किती मिनिटं राहिली" अशा नजरेने जास्त बघितल्यात. या शापाची बातमी मी स्वतः तीनदा तरी लावली असेन, म्हणजे पाप माझंही आहे.

आधी आकडा नीट करू. आठ हार बरोबर, पण आठही चॅम्पियन्स लीगच्या नाहीत. युरोपियन कप, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगची जुनी आवृत्ती, तिच्या 5 फायनल हरले: 1963, 1965, 1968, 1988, 1990. उरलेल्या 3 दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेतल्या, 1983 ची यूईएफए कप (युरोपा लीगचंच जुनं नाव) आणि 2013, 2014 ची युरोपा लीग. त्याआधी 1961 आणि 1962 ला लागोपाठ युरोपियन कप जिंकलेला. म्हणजे एकूण 10 फायनल, 2 जिंकल्या, 8 हरल्या. आता यात काय मोजायचं हे मोजणाऱ्यावर आहे. फक्त मोठा कप धरला तर 7 मधे 2, आणि इटलीच्या युव्हेंटसचं बघ, ते 9 मधे 2, त्यातल्या 1997 पासूनच्या पाचही सलग हरलेत. त्यांची चेष्टा होते, पण त्यांच्या नावावर हंगेरियन म्हाताऱ्याची गोष्ट नाही, म्हणून त्यांच्यावर असले प्रश्न पडत नाहीत.

तर तो म्हातारा. बेला गुटमन, बुडापेस्टचा ज्यू माणूस, जन्म 1899, होलोकॉस्टमधून जिवंत राहिलेला, आणि कोच म्हणून कुठेच फार टिकायचा नाही. एका क्लबात तिसरा सीझन घातक असतो असं त्याचं मतच होतं. 1961 आणि 1962 चे दोन्ही कप त्याने जिंकून दिले, मग बोर्डाकडे जास्त पैसे मागितले, बोर्डाने नाही म्हटलं, तो निघाला आणि उरुग्वेच्या पेन्यारोलला गेला. जाताना म्हणाला म्हणे की आता 100 वर्षं बेन्फिका युरोपचा चॅम्पियन होणार नाही.

हे "म्हणे" मी मुद्दाम घातलंय. डेस्कवर आमची एक सवय होती, एखादं वाक्य फारच चपखल बसलं की विचारायचं, हे छापून पहिल्यांदा कधी आलं? 1962 च्या त्या दिवसांतला भक्कम दाखला मला तरी कधी मिळाला नाही, जे मिळालं ते सगळं खूप नंतरचं. त्याहून मोठी गोष्ट, जी तुझ्या रूममेटला बहुतेक माहीत नसेल: हाच गुटमन 1965-66 ला परत बेन्फिकाचा कोच झाला होता! ज्याने 100 वर्षांचा शाप दिला त्यालाच तीन वर्षांत परत बोलावलं आणि तो आला पण. त्या सीझनला क्वार्टर फायनलमधे मँचेस्टर युनायटेडने त्यांना लिस्बनला घरात येऊन 5-1 धुतलं, 19 वर्षांच्या जॉर्ज बेस्टने तर पहिल्या काही मिनिटांत दोन गोल केले. म्हणजे शाप असलाच तर त्याचा सगळ्यात जोरदार फटका शाप देणाऱ्यालाच बसला असं म्हणावं लागेल.

पण "शाप खोटा" एवढं सांगून उत्तर संपत नाही, कारण तुझंही "निव्वळ योगायोग" मला पटत नाही. नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा काटा पडायची शक्यता 256 मधे 1. फार दुर्मिळ नाही, युरोपात शेकडो क्लब आणि साठ-सत्तर वर्षं, कुणाच्या तरी वाट्याला येणारच. पण या फायनल नाण्यासारख्या 50-50 नव्हत्याच, आणि गंमत तिथेच आहे.

माझ्याकडे एक वही असायची, लांब, हिशेबाची, लाल बाइंडिंगवाली. त्यात मी फायनलांना रकाने केले होते: सामना कुठे झाला, समोरच्याला तिथून घर किती लांब, कोण जखमी, कोण सस्पेंड, निकाल कितव्या मिनिटाला ठरला. बेन्फिकाचं पान भरल्यावर शापाबद्दलचं माझं कुतूहल बऱ्यापैकी कमी झालं.

1963, लंडनचं वेम्बली, समोर इटलीचा एसी मिलान. बेन्फिकाचा स्टार फॉरवर्ड युसेबियोने पहिला गोल केला, बेन्फिका 1-0 वर. दुसऱ्या हाफमधे बेन्फिकाच्या मारियो कोलुनाला मिलानच्या पिवातेल्लीने असा टॅकल केला की त्याच्या पायाचं कामच झालं. कोलुना म्हणजे त्या टीमचा इंजिन ड्रायव्हर, सगळा खेळ त्याच्यातून जायचा. आणि तेव्हा सबस्टिट्यूट हा प्रकारच नव्हता! जखमी झालास तर लंगडत उभा रहा, नाहीतर बाहेर जा, टीम 10 जणांची. मिलानच्या अल्ताफिनीने दोन मारले, 2-1.

1965 तर कहर आहे. समोर इंटर मिलान, आणि फायनल कुठे, तर मिलानच्या सान सिरोवर, म्हणजे इंटरच्याच अंगणात. वर पाऊस, मैदानाचं तळं झालेलं. हाफटाइमच्या आधी इंटरच्या जाइरचा साधा शॉट ओल्या मैदानावरून सरकत आला आणि गोलकीपर कोस्ता पेरेराच्या पायांमधून आत गेला. थोड्या वेळाने तोच कोस्ता पेरेरा जखमी होऊन बाहेर, आणि जर्मानो नावाचा डिफेंडर अर्ध्या तासाहून जास्त वेळ गोलमधे उभा राहिला. उरलेले दहा जण इंटरसारख्या टीमवर, जिच्याविरुद्ध अकरा जणांनाही गोल सापडत नव्हता. 1-0. आता याला शाप म्हणायचं की सबस्टिट्यूटचा नियम?

1968 ला परत वेम्बली आणि समोर परत मँचेस्टर युनायटेड, म्हणजे इंग्लंडच्या क्लबाविरुद्ध इंग्लंडमधे. 1-1 असताना, अगदी शेवटाकडे, युसेबियो एकटा गोलकीपरसमोर. त्याने डाव्या पायाने इतक्या जोरात मारला की स्टेपनीला तो अंगावर पकडण्यापलीकडे काही करायलाच लागलं नाही. जरा बाजूला ठेवला असता तरी कप लिस्बनला होता. युसेबियोने थांबून स्टेपनीसाठी टाळ्या वाजवल्या, ते फुटेज अजून बघायला मिळतं, जरूर बघ. मग एक्स्ट्रा टाइममधे बेस्ट, किड, चार्लटन, सात-आठ मिनिटांत तीन गोल, 4-1. किडचा त्या दिवशी 19 वा वाढदिवस.

म्हणजे 60 च्या दशकातल्या तीन हारांपैकी दोन समोरच्याच्या घरात किंवा घराजवळ, आणि दोनांत बेन्फिका धडधाकट 11 जणांचं नव्हतंच.

आणि नशिबाचाच हिशेब करायचा तर उलट्या बाजूचाही कर ना. 1961 ची बर्नमधली फायनल, 31 मे, बेन्फिका 3 बार्सिलोना 2. बार्साने अख्खा दुसरा हाफ हल्ले केले, त्यांचे शॉट पुन्हा पुन्हा पोस्टला लागत होते, कुबालाचा एक तर एका पोस्टला आपटून दुसऱ्या पोस्टकडे गेला. त्या काळी तिथले पोस्ट चौकोनी लाकडाचे होते, गोल असते तर बॉल आत गेला असता असं बार्सावाले कित्येक वर्षं म्हणत राहिले. बेन्फिकाचा एक गोल तर बार्साच्या गोलकीपरने, रामायेत्सने, स्वतःच्याच जाळ्यात घातलेला. आणि बार्साकडून गोल केले कोचिस आणि झिबोरने, जे सात वर्षांपूर्वी याच मैदानावर हंगेरीकडून वर्ल्ड कप फायनल हरले होते, आणि तेव्हाचाही स्कोअर 3-2! आता शाप शोधायचाच तर या दोघांच्या कुंडलीत शोधा की. पण बेन्फिकाला त्या दिवशी जे घबाड मिळालं त्याला कुणी वरदान म्हणत नाही, कारण जिंकलेल्याच्या नशिबाला "क्लास" म्हणायची आपली पद्धत आहे.

1962 ला मात्र नशीब वगैरे काही नाही, ॲमस्टरडॅमला रेआल माद्रिदला 5-3. पुश्काशने पहिल्या हाफमधेच हॅटट्रिक केली होती, रेआल 3-2 पुढे होतं, मग कोलुनाने बरोबरी केली आणि 20 वर्षांच्या युसेबियोने शेवटचे दोन मारले. कपभर चहा घेऊन निवांत बघावा असा सामना.

इथे एक आडफाटा घेतो, गोव्याच्या लोकांसाठी. बर्नची फायनल झाली तेव्हा गोवा अजून पोर्तुगालच्या ताब्यात होता. पुढची फायनल झाली 2 मे 1962 ला, तोपर्यंत 19 डिसेंबर 1961 होऊन गेलेला. मडगावला माझ्या एका मित्राचे काका आहेत, ते म्हणतात "आमी एक कप पोर्तुगालांत आसतना जिखलो आनी एक भारतांत आसतना". काका तेव्हा शाळेत होते आणि अजूनही घरातल्या कुणी स्पोर्टिंगचं, म्हणजे लिस्बनमधल्याच प्रतिस्पर्धी क्लबाचं, नाव काढलं की त्यांना जेवण जात नाही.

आणि हा नुसता आडफाटाही नाही, कारण ती टीम वसाहतींवरच उभी होती. युसेबियो आणि कोलुना मोझांबिकचे, गोलकीपर कोस्ता पेरेरा मोझांबिकचा, कॅप्टन जुझे आग्वाश अँगोलाचा. बेन्फिका तेव्हा परदेशी खेळाडू घ्यायचंच नाही, फक्त पोर्तुगीज, पण "पोर्तुगीज" या शब्दात अर्धी आफ्रिका बसत होती. आणि हे खेळाडू सहजासहजी बाहेरही जाऊ शकत नव्हते. युसेबियोला इटलीतून मोठ्या ऑफर होत्या पण हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने त्याला सोडलाच नाही. म्हणजे जगातला एक सर्वोत्तम फॉरवर्ड तुझ्या टीममधे आहे आणि सरकारच त्याला विकू देत नाही, असली सोय आज कुठल्या क्लबाला मिळेल? माणूस म्हणून त्याच्यावर तो अन्यायच होता, पण क्लबाचं त्यात फावलं. 1974 ला लिस्बनला क्रांती झाली, 1975 ला मोझांबिक, अँगोला स्वतंत्र झाले, आणि तो नळ बंद झाला. काही वर्षांनी क्लबाने परदेशी खेळाडू न घेण्याचा नियमही सोडला.

आता मधल्या फायनल भराभर सांगतो. 1983 ची अँडरलेख्टविरुद्ध दोन लेगची होती, ब्रसेल्सला 0-1, लिस्बनला 1-1, संपलं, तिच्यात फार काही नाही. 1988 ला स्टुटगार्टला हॉलंडच्या पीएसव्हीशी 0-0, पेनल्टीवर 6-5, बेन्फिकाच्या पहिल्या पाचही जणांनी मारल्या आणि सहावी वेलोझोची अडवली. त्या पीएसव्हीने क्वार्टर फायनलपासून कप उचलेपर्यंत एकही सामना जिंकला नव्हता, पाचच्या पाच ड्रॉ! 1990 ला व्हिएन्नाला कोच साक्कीचं एसी मिलान, बारेसी, माल्दिनी, रायकार्ड, गुलिट, व्हॅन बास्टन. त्या टीमकडून 1-0 हरलं तर हार कसली, 1-0 वर थांबवलं हेच खूप. (1963 ला मिलानचा कॅप्टन होता चेझारे माल्दिनी आणि 1990 ला खेळला त्याचा मुलगा पाओलो. त्या घराला बेन्फिका चांगलंच लाभलं.)

गुटमन व्हिएन्नाला 1981 साली वारला, तिथेच पुरलाय. 1990 च्या फायनलआधी युसेबियो त्याच्या थडग्यावर जाऊन शाप मागे घे म्हणून प्रार्थना करून आला असं सांगतात. शापाची खरी प्रसिद्धी इथून झाली असं माझं मत आहे. आणि शापवाले एक सोयीने विसरतात, 1990 च्या सेमीफायनलला फ्रान्सच्या मार्सेयविरुद्ध बेन्फिका फायनलमधे गेलं ते वाता नावाच्या खेळाडूच्या गोलवर, जो त्याने उघड उघड हाताने ढकलला होता. रेफरीला दिसला नाही. शापाला पण दिसला नसावा.

आता त्या दोन फायनल ज्या मी ड्युटीवर असताना झाल्या.

15 मे 2013, ॲमस्टरडॅम, समोर लंडनचा चेल्सी. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू. चेल्सीच्या टोरेसचा गोल, मग बेन्फिकाच्या कार्दोझोची पेनल्टी, 1-1. बेन्फिका फार छान खेळत होतं, चेल्सीपेक्षा चांगलं. शहर आवृत्तीचं पान माझ्यासाठी अडकलेलं, खालून फोनवर फोन. रात्रीचे दोन वाजून गेले, 90 मिनिटं झाली, मी टाइप केलं "सामना एक्स्ट्रा टाइममध्ये" आणि पान सोडलं. सोडलं म्हणजे गेलं, पीडीएफ खाली पोचली. आणि खुर्चीतून उठतोय तोवर चेल्सीच्या हुआन माताचा कॉर्नर, इव्हानोविचचं हेडर, 93 वं मिनिट, 2-1. जिना उतरून धावलो, पण पहिल्या गठ्ठ्यात ती ओळ छापून गेलीच. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमधे माझी जी शोभा झाली ती सोड, पण मला आठवतं संध्याकाळी मी फॉलोअपला हेडिंग दिलं "शाप भोवला!" सगळ्यांना आवडलं. वहीत मात्र मी त्या सामन्यासमोर वेगळं लिहिलं होतं: डेव्हिड लुईझ, रामिरेस.

कारण हे दोघं त्या रात्री चेल्सीकडून पहिल्या अकरात होते आणि दोघांनाही चेल्सीने बेन्फिकाकडूनच विकत घेतलं होतं, रामिरेस 2010 ला, डेव्हिड लुईझ जानेवारी 2011 ला. बेन्फिका स्वतःच्याच विकलेल्या मालाकडून हरलं. आणि दमलेलंही होतं, चारच दिवस आधी पोर्तुगालच्याच पोर्तो क्लबाकडे लीगचा निर्णायक सामना 92 व्या मिनिटाच्या गोलवर हरून आलेलं.

पुढच्या वर्षी तुरीन, समोर स्पेनचा सेविया, 0-0, पेनल्टीवर 4-2. या सामन्याला आम्ही जेमतेम एक कॉलम दिला कारण तारीख होती 14 मे 2014 आणि 16 ला लोकसभेचा निकाल, क्रीडाचं पानच निम्मं जाहिरातींना आणि उमेदवारांना गेलेलं. त्या एका कॉलमात "शाप" हा शब्द बसला, पण एन्झो पेरेझ, साल्वियो आणि मार्कोविच हे तिघं सस्पेंड होते हे बसलं नाही. मिडफिल्डचा अर्धा भाग स्टँडमधे बसून फायनल बघत होता! आणि चौथा आणखी एक, मातिच, जानेवारीत चेल्सीला विकलेला. अशा बातम्या वाचून वाचूनच तुझ्या रूममेटसारखी मतं तयार होतात, त्याचा दोष नाही.

बरं, एवढं वाचलंस तर थोडक्यात: गोष्टीचा पुरावा कच्चा, शाप देणारा स्वतःच परत आलेला, आणि आठही हारांना आपापली साधी कारणं आहेत, कुठे दुखापत, कुठे परकं मैदान, कुठे समोरची टीम सरळ जास्त चांगली, दोनदा पेनल्टी.

पण मला खरा प्रश्न वेगळा वाटतो. सगळे हरलेल्या फायनल मोजतात. न पोचलेल्या कुणी मोजतं का? 1990 नंतर बेन्फिका मोठ्या कपच्या फायनलमधे गेलेलंच नाही, सेमीफायनलमधेसुद्धा नाही. शाप फायनलमधे आडवा येतो असं धरलं तरी फायनलपर्यंत जायला कुणी अडवलं होतं?

इथे दोन गोष्टी आहेत. एक घरातली. 1994 ला लीग जिंकली आणि त्यानंतर थेट 2005 ला, मधे 11 वर्षं कोरडी. 2001 ला चक्क सहावे आले. कर्ज, गोंधळ, एक माजी अध्यक्ष पुढे अफरातफरीत तुरुंगात गेला. 1999 ला स्पेनच्या सेल्ता विगोने 7-0 ने हरवलं. 2000 साली एका तरुण कोचला घेतलं, तीन महिने ठेवला, अध्यक्ष बदलला आणि तो सोडून गेला. त्याचं नाव जुझे मोरिन्यो. चार वर्षांनी त्याने पोर्तोला चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. याला शाप नाही म्हणत, याला आपण गावाकडे करंटेपणा म्हणतो.

दुसरी गोष्ट बाहेरची. डिसेंबर 1995 ला युरोपच्या कोर्टाचा बोसमन निकाल आला, त्याने करार संपलेल्या खेळाडूला फुकट जायची मोकळीक दिली आणि युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंवरची परदेशी कोट्याची मर्यादा उडवली. त्याआधी मोठ्यातल्या मोठ्या क्लबालाही परदेशी किती खेळवायचे यावर बंधन होतं, म्हणून पोर्तुगाल, हॉलंड, रोमानिया, युगोस्लाव्हियाचे क्लब कप जिंकू शकायचे. पीएसव्ही, स्तेआवा, रेड स्टार ही सगळी त्याआधीची नावं. त्यानंतर चांगला खेळाडू जिथे टीव्हीचा पैसा तिथे, म्हणजे इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली. पोर्तुगालची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे मुंबईपेक्षा कमी. बेन्फिकाच्या सभासदांचा 2006 ला गिनीज रेकॉर्ड झाला होता, 1 लाख 60 हजारांच्या वर. पण सभासदांच्या वर्गणीवर युसेबियो टिकवायचे दिवस गेले.

"मग पोर्तो कसं जिंकलं?" हे तू विचारणारच. 1987 ला जिंकलं ते बोसमनच्या आधी, बायर्नला हरवून, तेही व्हिएन्नालाच. 2004 ला जिंकलं, बोसमनच्या नंतर, आणि तो खरोखर अपवाद आहे, फार मोठा कोच, एक अफलातून बॅच, आणि वाटेत मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर कोस्तिन्याने 90 व्या मिनिटाला केलेला गोल, त्याच सामन्यात युनायटेडच्या स्कोल्सचा चांगला गोल ऑफसाइड दिला गेला होता. पण जिंकल्यावर काय झालं बघ: त्याच उन्हाळ्यात मोरिन्यो, कार्वाल्यो, फेरेरा चेल्सीला आणि डेको बार्सिलोनाला. जिंकूनही टीम तीन महिने टिकली नाही. परत मोठ्या कपची फायनल त्यांनीही बघितलेली नाही.

आणि बेन्फिकाने आता यालाच धंदा केलाय, आणि धंदा म्हणून तो चांगला चाललाय, हे पण मान्य करायला हवं. अकादमीतून किंवा दक्षिण अमेरिकेतून पोरगा आणायचा, दोन वर्षं खेळवायचा, विकायचा. जुआव फेलिक्स 2019 ला 12 कोटी 60 लाख युरोला. 2022-23 ची टीम बघ, माझ्या मते 1990 नंतरची त्यांची सर्वात चांगली. ग्रुपमधे मेस्सी, एम्बापे, नेमारच्या पीएसजीच्या, म्हणजे पॅरिसच्या क्लबाच्या, वर पहिली आली. मधे कतारचा वर्ल्ड कप झाला, त्यात बेन्फिकाचा एन्झो फर्नांडेस अर्जेंटिनाकडून जिंकला आणि बेस्ट यंग प्लेअर ठरला. 31 जानेवारीला, खेळाडू खरेदीची विंडो बंद व्हायच्या दिवशी, चेल्सीने सुमारे 12 कोटी युरो टाकून तो उचलला. आलेला जुलैत, गेला जानेवारीत. एप्रिलमधे क्वार्टर फायनलला इंटरने बेन्फिकाला घरात 2-0 हरवलं, आणि ज्याची नजर तिथे जाते ना त्याला दिसत होतं की मिडफिल्डमधे पहिला पास देणारा माणूसच नाहीये. परतीचा 3-3 झाला पण खेळ संपलेला होता.

इंटर पुढे फायनलला गेलं, इस्तंबूलला, आणि मँचेस्टर सिटीकडून 1-0 हरलं. त्या सिटीच्या गोलमधे एडरसन, डिफेन्समधे रुबेन डियाझ, मिडफिल्डमधे बर्नार्डो सिल्वा. तिघंही बेन्फिकाचे माजी, त्यातले दोघं तर तिथल्याच अकादमीत वाढलेले. म्हणजे चॅम्पियन्स लीग बेन्फिकाच्या पोरांनी जिंकलीच, फक्त शर्ट आकाशी होता.

आता हे सगळं नक्की असंच राहील असं मी म्हणणार नाही. एखाद्या वर्षी ड्रॉ सोपा लागला, दोन पोरं विकायची राहिली, तर एखादी सेमीफायनल सहज होऊ शकते, नॉकआउट फुटबॉल शेवटी चार-पाच सामन्यांचा खेळ आहे. ज्युनियर टीमचंच बघ, यूईएफए यूथ लीगच्या तीन फायनल हरले, 2014, 2017, 2020, लोक म्हणायला लागले शाप पोरांनाही लागला, आणि 2022 ला साल्झबर्गला 6-0 हाणलं. त्या वयात विकायची घाई नसते ना, टीम टिकते. क्लबाने 2014 मधे आपल्या लुझ स्टेडियमला गुटमनचा पुतळाही बसवलाय, दोन्ही हातांत एकेक कप. पुतळा बसवल्यावर तीन महिन्यांच्या आतच तुरीनची फायनल हरले, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला असं म्हणता येत नाही.

तर पैजेचा निकाल. रूममेट हरला हे नक्की. पण तूही "निव्वळ योगायोग" म्हणाला होतास म्हणून तूही हरलास. योगायोग बघायचाच तर हा बघ: बेन्फिकाने पहिला युरोपियन कप उचलला 31 मे 1961 ला. 31 मे 2025 ला, बरोब्बर 64 वर्षांनी, म्युनिकला पीएसजीने इंटरला 5-0 हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि पीएसजीच्या मिडफिल्डमधे खेळत होता जुआव नेव्हेस, बेन्फिकाच्या अकादमीचा, वर्षभर आधीच विकलेला. तारीख जुळली तो योगायोग, नेव्हेस पॅरिसला होता तो नाही. पावभाजीचं बिल निम्मं-निम्मं करा, एक्स्ट्रा बटर मात्र रूममेटकडून घे.